रस्त्याचा धवला

भागीरथीला पाण्याची वाट तोंडपाठ होती. रस्त्याची नव्हती.

वाशीजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात लग्न निघालं की धवले गायला भागीरथीच. धवलारीण ती. भटजी मंत्र म्हणून मोकळे होतात, पण आगऱ्यांच्या मांडवात धवला गायल्याशिवाय हळद चढत नाही की नवरी उंबरा ओलांडत नाही. देवांना, पितरांना, हळदीला, तांदळाला, सगळ्यांना नावानं हाक मारून मांडवात आणायचं, ते काम धवलारणीचं. त्यातला एक होता वाटेचा धवला. वऱ्हाड परगावी गेलं की मांडवाच्या दारात मुसळ आडवं ठेवून तिकडची धवलारीण गाण्यातून विचारायची, कोणत्या वाटेनं आलात, वाटेत कुणाकुणाच्या पाया पडलात? मग इकडचीनं गावागणिक देवतेचं नाव घेत सगळी वाट गाऊन दाखवायची. वाट पुरी झाली की मुसळ उचललं जायचं. जिची वाट मध्येच तुटली तिनं मागं बसायचं. पुढचं सगळं लग्न समोरचीच्या तोंडी.

भागीरथीची वाट आजवर तुटली नव्हती. पण ती मचव्याची वाट. गावच्या धक्क्यावरून निघालं की घारापुरी, मोरा, मांडवा, थळ, असं एकेक बंदर ती ओल्या दोरीच्या गाठी मोजाव्या तसं हाताखालून काढी. मग नवं शहर आलं. शेतं गेली, मिठागरं बुजली, धक्क्यावर भरावाची माती पडली. मचवा कुणी मुरुडकडच्या माणसानं नेला. भागीरथीचा थोरला लेक कान्हा साइटवरच्या साहेबांना जीपमधून हिंडवू लागला. आणि नेमकं याच काळात धाकट्या विलासचं लग्न ठरलं, ते अलिबागच्या पुढल्या एका वाडीत.

"वयनी, आता वाटबिट नको," तिचा दीर नामा म्हणाला. घरात पुरुष माणूस वडील तोच. "पनवेलच्या पोरांकडं झकास स्पीकर हाय. टेप लावू. कुनाला टेन्शन नाय."

"माझ्या लेकाच्या लग्नात टेप गाईल आनि मी मागं बसून पान चघलू काय रं नामा?"

"मंग रस्त्याचा धवला तुला येतो?"

"जाता जाता येईल. फकस्त गावागावाला गाडी थांबवायची."

नामानं कपाळाला हात लावला. "वऱ्हाड हाय का जनगणना?"

थोरली सून जयमाला चुलीपाशी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. सासूच्या मागं बसून झील धरायची, म्हणजे धवल्याची शेवटची ओळ उचलून लांबवायची, एवढंच तिचं काम. स्वतःहून एक शब्द पुढं टाकायची तिची छाती नव्हती. सासू गायला बसली की जयमालाला वाटे, ही बाई गात नाही, कुणाला तरी घरात घेते आहे.

वैशाखातल्या सकाळी वऱ्हाड निघालं. मागं ट्रकमध्ये सगळं गाव आणि ड्रायव्हरशेजारी नामा. पुढं जीप. जीपमध्ये कान्हा, त्याच्या बाजूला मुंडावळ्या बांधलेला विलास, मागं सासू-सून. भागीरथी आदल्या दिवशी हळदीला गळा सोडून गायली होती. आवाज जरा बसका होता, पण डोळे मात्र जत्रेला निघालेल्या पोरीचे. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून ती रस्त्याकडं अशी बघत होती, जशी सोयरीक ठरवायला आलेली बाई घर बघते.

पनवेल आलं. ही बाजाराची ओळखीची जागा, पण भागीरथी आजवर मासळीची पाटी घेऊन आली होती, वरमाय म्हणून नव्हती. वेशीपाशी तिनं जीप थांबवली. हारवाल्या बाईला देवीचं नाव विचारलं, देवळापुढं उभी राहिली, हात जोडले, ओठ हलले. परत येऊन बसली तोवर धवला जुळला होता:

"पनवेलीची जाखमाता येशीवं वाट राखते,
नवऱ्याचे मुंडावलीवं सावली आपली टाकते."

जयमालानं झील धरली. विलास लाजून रस्त्याकडं बघू लागला. मागं ट्रकचा हॉर्न वाजला आणि त्याहून मोठा नामाचा आवाज.

पुढं रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडं भाताची उघडी खाचरं, बांधावर पळस-शेवरीची झाडं, कुठं आंब्याखाली बैलगाडी सोडलेली. गावं कशी, दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर टेकलेल्या माणसांसारखी. घाई कुणालाच नाही. एक म्हातारा सायकलवरून उतरला तो केवळ जीपला वाट द्यायला नव्हे, तर नवरदेव नीट बघायला. "कुठली वरात?" "वाशीची!" "लांबून आलात हो," तो म्हणाला आणि टोपी काढून परत घातली. भागीरथी खूश झाली. पाण्यावर कोण विचारतं?

पेणला तर तिनं जीप थांबवली आणि उतरून हरवलीच. कान्हा आणि जयमाला शोधत गेले तो ती एका कारखान्याच्या दारात उभी. आत मातीचे गणपती ओळीनं बसलेले. बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे, लहान-मोठे, फळीवर, जमिनीवर, खाटेखालीसुद्धा. कारागीर एका सोंडेवर ओलं बोट फिरवत होता.

"डोले कंदी काढता, दादा?"

"सगळ्यात शेवटी, आजी. डोळे काढले की मग त्याला आमच्याकडं बघवत नाही, लगेच निघतो."

भागीरथी खदखदून हसली. जीपमध्ये बसली तेव्हा तिच्या पदराला माती लागली होती. ती तिनं झटकली नाही.

"पेनचे देव कोरे गो, डोले त्यांचे काढाचे,
काढाल तवां पयल्यांदा, नवऱ्यामुलाला पाहाचे."

जयमालानंही तेच गणपती बघितले होते. तिला नुसती माती दिसली होती. सासूला त्यांची बंद नजर दिसली आणि त्या नजरेपुढं उभा राहिलेला आपला लेक दिसला. हे कुठून येतं? जयमालानं कितीदा विचारायचं ठरवलं होतं. पण विहिरीला विचारतात का, तुझ्यात पाणी कुठून येतं?

वडखळच्या नाक्यावर भागीरथीनं चहावाल्याला गावदेवी विचारली. "आजी, इथं एस्टी हीच देवी," तो म्हणाला. "तिची वाट बघतो, तिलाच शिव्या देतो." तरी त्यानं देवळाची दिशा दाखवली आणि चहाचा कप पुढं केला. एक रस्ता गोव्याकडं जात होता, दुसरा अलिबागला.

"वडखलचे नाक्यावं वाट दुभंग फुटली,
गोव्याची गोव्याला गेली, सोयऱ्यांची आमी धरली."

ट्रकमधली मंडळी चहाला उतरली, तेव्हा कान्हा म्हणाला, "आपन पुढं काढू. चढ हाय, गाडी हलू चालंल." पुढं धरमतरच्या खाडीवरचा पूल लागला. खाली ओहोटीचं पाणी, त्यात एक शिडाची होडी. भागीरथी जीपच्या कडेला वाकून बघत राहिली. जन्मभर ती अशाच होडीत बसून वर बघत आली होती.

"वरून किती लहान दिसतो गो आपन," ती म्हणाली. मग जयमालाच्या खांद्याला टेकली. "गाव आलं की उठव."

आणि निजली. मचव्यात ती कधी निजत नसे. जीपच्या हिंदकळण्यानं आणि हळदीच्या जागरणानं तिला गाठलं.

पोयनाड आलं ते वाफेनं. बॉनेटमधून शिट्टी फुटावी तसा धूर निघाला आणि कान्हानं गाडी रस्त्याकडेच्या एका घरापाशी घेतली. "तापली. पानी आन."

जयमालानं सासूचं डोकं अलगद गाठोड्यावर ठेवलं. सुरकुत्यांमधून झोप कशी गोड पसरली होती, खळ्यात तांदूळ पसरावा तशी. उठवायला हात पुढं गेला आणि मागं आला. निजू दे. पाणी घेऊन येते, मग उठवते.

घराच्या पडवीत पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या, अंगणात विहीर. एक ठेंगणी बाई रहाट ओढत होती. तिनं जयमालाच्या हातातून कॅन काढूनच घेतला. "तू नको गो, हिरवा चुडा भिजंल. नवरदेव कुठला? तो? बाई गं, अंगात कोट, खाली घाम! ह्याला आधी पाणी पाजा, मग गाडीला." ती स्वतः रस्त्यावर आली, विलासला तांब्या दिला, त्याच्या कानशिलावरून बोटं मोडली ती कडाकडा वाजली. "किती दृष्ट आहे बघ!" जयमाला हसत सुटली. गाडी गार झाली, कान्हानं हाक मारली, ती पळत येऊन बसली.

कार्लेखिंडीचा चढ लागला आणि जयमालाला आठवलं. सासूला उठवलं नाही. आणि देवतेचं नावही विचारलं नाही.

"अवो, फिरवा ना मागं."

"येडी झालीस? मागून काकांचा ट्रक येतोय. मला उभा चिरतील."

खिंड उतरताना भागीरथी जागी झाली. झाडांवरून ओळखलं तिनं, नारळी-पोफळी दाटल्या होत्या. "मधी कुठलं गाव गेलं?"

"पोयनाड," जयमाला म्हणाली. मग एका दमात सगळं सांगितलं. तापलेली गाडी, विहीर, बाई, आणि विसरलेलं नाव.

भागीरथी सावरून बसली आणि बाहेर बघू लागली. समोर अलिबाग आलं होतं. नेहमी ती हे गाव समुद्राकडून बघे, पाण्यात उभा किल्ला आणि मागं माडांची रांग. आज गावाच्या परसदारानं आत शिरली. चिऱ्यांची कुंपणं, कौलांवर वाळत घातलेली आमसुलं, एका खिडकीत पेटी वाजवणारी मुलगी. मग एकदम रस्ता संपला आणि वाळू लागली. मुंबईहून हवा खायला आलेली माणसं छत्र्या घेऊन बसलेली, घोडागाड्या किनाऱ्यानं पळत होत्या, ओहोटीच्या ओल्या वाळूतून लोक चालत किल्ल्यावर निघाले होते. गोरीपान एक बाई लुगडं घोट्यावर धरून लाटेला भीत होती आणि तिचा नवरा तिचा फोटो काढत होता.

"ही बघ," भागीरथी म्हणाली, "समुद्र बघायला लोक सुट्टी घेऊन येतात. आपल्याला तो अंगनात होता." आवाजात राग नव्हता. कौतुक होतं, समुद्राचं की त्या बाईचं, कळलं नाही. "किती सुंदर दिसतो गो हितनं. मला ठावंच नव्हतं."

"आई, चिडा तरी."

"चिडून नाव कलंल काय?"

वाडी पुढंच होती. मांडवाच्या दारात मुसळ आडवं पडलं होतं आणि त्यापलीकडं बायजाबाई उभी. काळीसावळी, उंच, नाकात मोठी नथ. अलिबागच्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. तिनं कंबरेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं:

"कोनचे वाटेनं आलाव गो, दारी उभे राहिलाव?
कोन कोन देव वाटंवं, हात जोडून आलाव?"

भागीरथीनं गळा साफ केला. बसका आवाज हळूहळू उघडत गेला. धक्क्यावर पडलेली माती तिनं गायली, तिथं उतरलेलं शीड गायलं. पनवेल आलं, पेण आलं. बिनडोळ्यांच्या देवांपाशी मांडवातल्या बाया एकमेकींना ढोसू लागल्या. बायजाबाईची नथसुद्धा हलली. वडखळ फुटलं. पूल आला, पुलाखालची होडी आली.

आणि भागीरथी थांबली.

मागून पोचलेले ट्रकवाले दाटीवाटीनं उभे होते. नामानं डोळे मोठे केले, हातानं खूण केली, पुढं चल. जयमालालाही कळत होतं, एवढंसं गाव, उडी मारली असती तर कुणाला कळलं नसतं. पुलावरून थेट खिंडीत.

"हितं मी निजले," भागीरथी साध्या आवाजात म्हणाली. "हितली वाट माझ्याकडं नाय."

मांडवात कुजबुज सुरू झाली. "येडी काय ही," नामा पुटपुटला, "निजली तर निजली, सांगाचं कशाला?" पण जयमालाची मान आपोआप ताठ झाली. आपली सासू एवढी उंच तिला कधी दिसली नव्हती.

"मंग मागं बस," बायजाबाई म्हणाली. आवाजात विजय नव्हता, पण नियम होता.

भागीरथी वळली. तिचे खांदे जरा खाली आले. लेकाच्या मांडवात गाता येणार नाही, एवढंच त्या खांद्यांवर लिहिलेलं होतं. ते जयमालाला बघवलं नाही.

"आई निजली, मी जागी होते!" ती बोलली ती स्वतःलाही अनोळखी आवाजात. "मी उठवलं नाय. पोयनाड होतं. विहीर होती. बाईनं पानी दिलं."

"देव कुठला?"

"नाय विचारला."

"बाईचं नाव?"

"नाय विचारलं."

"पानी बरं प्यायलीस!" बायजाबाई म्हणाली आणि मांडव हसला.

भागीरथी मात्र हसली नाही. ती परत फिरली. "गोरज मुहूर्त हाय. उन्हं अजून माडावर हायेत. कान्हा, जीप फिरव. इचारून येते."

"आनि खोटंच नाव आनलंस तर?" बायजाबाईनं विचारलं.

"खोटं बोलायचं असतं तर मघाशीच बोलली असती गो बायजे!" मागून कुणीतरी म्हातारी ओरडली.

बायजाबाई जराशी घुटमळली. मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला तरी कुठं ती वाट ठावं हाय? मी बी पान्याचीच. ही पेन म्हनते, वडखल म्हनते, मी खरं म्हनू का खोटं म्हनू? मी संगती येते. बघितल्याबिगर मुसल उचलायची नाय."

"जीपीत बसायला कारन पायजे हिला," तीच म्हातारी म्हणाली.

"हां, पायजे! काय म्हननं हाय?"

नामा मध्ये पडला, "वयनी, लगीन हाय का खेल—" पण तोवर बायजाबाईनं नवरदेवाला खाली उतरवलं होतं आणि त्याच्या जागेवर ऐसपैस बसली होती. विलास मुंडावळ्यांसकट मांडवाबाहेर खुर्चीवर बसला आणि पोरींनी त्याला घेरलं. नवरीच्या बापानं नामाला हाताला धरून सरबताकडं नेलं. "या हो, बायकांचं भांडण मिटंपर्यंत पुरुषांनी प्यावं," तो म्हणाला.

जीप निघाली. बायजाबाईनं एक हात पुढच्या दांडीला लावला, दुसऱ्यानं नथ धरली. अलिबागच्या बाजारातून जाताना ओळखीच्या दुकानदाराला तिनं मुद्दाम हाक मारली, "काय शेट!" खिंड चढताना मात्र गप्प झाली. वळणावर मागं बघितलं तर खाली सगळा माडांचा पट्टा आणि त्याला चिकटलेला समुद्र, उतरत्या उन्हात तांब्याच्या परातीसारखा.

"हे माझं गाव?" ती म्हणाली.

"तुझंच," भागीरथी मागून म्हणाली. "मघाशी मी बी असंच बोलले."

मग त्या दोघी बोलू लागल्या. गळा बसला तर काय घ्यायचं, कोणत्या गावची हळद जास्त बोलते, कोणत्या विहिणीनं कुणाला काय सुनावलं. जयमाला मागं सासूशेजारी बसून ऐकत होती. दोघी बोलता बोलता गात होत्या की गाता गाता बोलत होत्या, तिला ठरवता येईना.

पोयनाडची ती बाई अजून अंगणातच होती. जीप बघून म्हणाली, "परत तापली?"

"नाय, बाय," जयमाला उतरली. "तुमचं नाव इचारायचं राहिलं."

"त्याच्यासाठी आलात? वरात सोडून?" ती कमरेवर हात ठेवून तिघींकडं बघत राहिली. मग पदरानं हात पुसले. "रखमा."

"आनि हितली देवता?"

रखमानं विहिरीकडं बोट केलं. आतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेले गोटे ओळीनं बसलेले, पाण्याच्या वर हातभर. "साती आसरा. आमचं सगळं त्यांच्यावरच."

भागीरथी कठड्याला टेकून खाली बघू लागली. पाण्याच्या बाया. त्यांना ती जन्मापासून ओळखत होती, खाडीच्या वळणावळणाला नारळ देत आली होती. तिनं हात जोडले, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि ओठांवर हसू. "बायजे," ती म्हणाली, "वाट रस्त्याची झाली, पन बसल्यात ह्याच."

बायजाबाईनं नथ सावरून डोकं टेकवलं. रखमानं दोघींच्या पदरात एकेक कांद्याची वेणी घातली. नारळ नव्हता घरात.

परत आले तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यावरून निघून गेलं होतं आणि नामा घड्याळ काढून फेऱ्या मारत होता. बायजाबाई घाईनं उतरली, मुसळापलीकडं जाऊन उभी राहिली, पदर खोचला, चेहरा कडक केला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. नियम म्हणजे नियम. भागीरथीनं पुन्हा धक्क्यापासून वाट धरली. पुलाशी आली आणि तिनं जयमालाला कोपर लावलं.

"तू जागी होतीस. तू गा."

जयमालानं डोळे मिटले तर तिला ती पडवी दिसली, रहाट दिसला, बोटं मोडल्याचा आवाज आला. झील नव्हे, पहिली ओळ तिच्या तोंडून निघाली, आधी थरथरत, मग सरळ:

"पोयनाडाला सासू निजली, सून जागी बसली,
साती आसरा विहिरीत, रखमाची कलशी भरली."

सासूनं झील धरली. सासूनं, सुनेच्या ओळीची! गावच्या बायांनी तोंडावर हात ठेवले. आणि भागीरथी खिंडीची ओळ उचलणार, तोच मुसळापलीकडून बायजाबाईच पुढं झाली. विचारणारीनं उत्तर द्यायचं नसतं. पण खिंड तिनं आताच बघितली होती, आणि ती तिच्या पोटात मावत नव्हती:

"खिंडीचे माथ्यावं वारा उभा, पदर त्याचा उडतो,
खाली उतरा गो वऱ्हाडी, दर्या आंगन झाडतो."

"बायजे, तू कुनाकडून?" म्हातारी ओरडली.

"वाटेकडून!" म्हणत बायजाबाईनं मुसळ उचलून बाजूला टाकलं. नामानं विलासला खुर्चीवरून उठवून पुढं ढकललं, भटजींनी अंतरपाट झटकला, आणि तिघी बाया गातच आत शिरल्या.